हौशी सुतारांची परदेशवारी



ज्या जांब गावी आपण आज जमलो आहो, तेथे १६०८ साली जन्मलेल्या नारायण ठोसरांनी, म्हणजेच समर्थ रामदासांनी, पुढे बारा वर्षे पायी देशाटन केले असे परंपरा सांगते. परंतु त्या देशाटनापूर्वी नाशिकजवळ टाकळीस त्यांची बारा वर्षे साधनेत गेली, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. आधी तयारी, मग प्रवास. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. पण नियम तोच आहे.

अलीकडे शिक्षक, डॉक्टर, निवृत्त इंजिनियर अशी मंडळी घराच्या मागील पडवीत रंधा आणि पटाशी घेऊन बसलेली दिसतात. कोणी पाट करतो, कोणी नातवासाठी गाडा करतो. अशा दहाबारा जणांची ओळख झाली की केव्हातरी एकजण म्हणतोच, "आपण एकदा परदेशात जाऊन तिकडचे काम पाहून येऊ या." कल्पना उत्तम आहे. ती फसते कोठे, आणि फसू नये म्हणून काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न कोठे जावे हा नव्हे. काय पाहावयाचे हा आहे. आठ दिवसांत पाच देश दाखविणारी सहल सुताराच्या कामाची नाही. तो सांध्यापाशी अर्धा तास उभा राहणार, आणि बसवाला तोपर्यंत भोंगा वाजविणार! म्हणून एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, 'लाकडाची इमारत हजार वर्षे कशी टिकते?' हा प्रश्न घेतला की जपान आपोआप समोर येतो. नारा शहराजवळचे होर्‍यूजी हे बौद्ध मंदिर सातव्या शतकात स्थापन झाले. ते ६७० साली जळाले आणि त्यानंतर पुन्हा उभारले गेले. आज जगात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. उलट, इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. मागील वेळी ते २०१३ साली बांधले. एके ठिकाणी लाकूड जपले, दुसर्‍या ठिकाणी लाकूड बदलून हात जपले. टिकण्याच्या ह्या दोन रीती शेजारी शेजारी पाहावयास मिळणे हे मोठे शिक्षण आहे.

मुक्काम शक्य तो एकाच शहरी ठेवावा. ओसाका किंवा कोबे येथे राहिल्यास बरेच काही आगगाडीने एका दिवसात पाहून परत येता येते. कोबे येथे सुतारी हत्यारांचे ताकेनाका संग्रहालय आहे. ते १९८४ साली स्थापन झाले आणि २०१४ पासून शिन-कोबे स्टेशनाजवळच्या नव्या जागेत आहे. जवळचे मिकी गाव करवती, रंधे आणि पटाश्या घडविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. हिमेजीचा लाकडी किल्लाही त्याच बाजूस आहे. नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनविधी ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता, हे ठाऊक असले म्हणजे तेथे आपण अगदीच परके वाटत नाही. अशी सहा ठिकाणे दहा दिवसांस पुरेत. मधला एक दिवस मुद्दाम मोकळा सोडावा. जे आवडले ते पुन्हा पाहण्यासाठी.

दुसरा प्रश्न माणसांचा आणि पैशाचा. दुभाषी, गाडी, कार्यशाळेचे मानधन हा खर्च माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. बाराजणांनी ठरविले आणि ऐन वेळी तिघे गळाले, तर उरलेल्या नऊजणांवर ह्या खर्चाचा वाटा एकतृतीयांशाने वाढतो. मैत्री तुटते ती येथे. म्हणून आगाऊ रक्कम भरल्याशिवाय नाव धरू नये, आणि कोणत्या तारखेनंतर किती रक्कम परत मिळणार नाही हे आरंभीच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हिशेब एकाने ठेवावा, तपासावा दुसर्‍याने. सहल-कंपनीमार्फत गेल्यास ती रकमेवर उगमस्थानी कर गोळा करते. तो आयकराच्या विवरणपत्रात दाखवून जमेस धरता येतो. त्याची पावती जपावी.

तयारीस वर्षभर धरावे. पासपोर्ट आधी, व्हिसा नंतर, आणि तिकिटांची घाई सर्वांत शेवटी. एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी जपानात सुट्ट्यांची गर्दी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांचे भय. नोव्हेंबर बरा. लहान कारागिरांच्या कार्यशाळा म्हणजे दुकाने नव्हेत. दुभाष्यामार्फत काही महिने आधी पत्र घालावे, आणि जागा लहान असेल तर सहा-सहाच्या दोन तुकड्या कराव्यात. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की तेथील साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचे पाणी असते. आपल्या अटी जपानी भाषेत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी.

तिसरी गोष्ट सामानाची. धारेचे हत्यार विमानात हातातील पिशवीत नेता येत नाही. ते वेष्टनासह मोठ्या सामानातच द्यावे. तेथे विकत घेतलेली पटाशीही रस्त्यात उघडी बाळगू नये. भेट म्हणून शिसवीची वस्तू नेण्याचा मोह होईल. पण शिसवाची सर्व जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे. तेव्हा आधी चौकशी करावी, किंवा सरळ सागवानी वस्तू न्यावी. तिकडून कच्च्या लाकडाचा तुकडा आणावयाचा तर परवाना आणि कीडमुक्तीचा दाखला लागतो. नाही तर तो विमानतळावरच राहतो, आणि राहावा हेच योग्य. कारण त्यातील एखादी कीड आपल्या झाडांस पुरून उरेल.

आता शेवटची गोष्ट. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची.

आपल्या गावोगावच्या सुताराने पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची तिफण आणि औत घडविले, बैलगाडीचे चाक बसविले. ट्रॅक्टर आला आणि त्यातले बहुतेक काम गेले. आपण हौस म्हणून जे हातात धरतो, ते त्याच्या पोटाचे साधन होते. आणि परदेशात लाकूडकाम पाहावयास जाणार कोण? तर आपण! जपानात रंधा आणि करवत स्वतःकडे ओढून चालवितात. आपल्याकडचा रंधा पुढे ढकलावयाचा. हा फरक आपण पाहू, छायाचित्रे घेऊ, घरी येऊन चारजणांना सांगू. तोच फरक चाळीस वर्षे वाकस चालविलेला माणूस मनगटाने ओळखील, आणि परत येऊन दहा पोरांच्या हातात देईल.

तेव्हा बारा हौशी जाणार असतील तर तेरावा एक धंदेवाईक सुतार बरोबर घ्यावा आणि त्याचा खर्च बाराजणांनी वाटून घ्यावा. प्रत्येकास आपल्या खर्चाच्या एक बारांश, म्हणजे शेकडा सव्वाआठांच्या आसपास, अधिक पडेल. ही दया नव्हे, उपकारही नव्हे. बरोबर जाणत्याचा डोळा नसेल तर आपण जे पाहणार त्यातले निम्मे आपल्याला दिसणारच नाही. त्या जादा पैशाने आपण तो डोळा बरोबर नेतो. मात्र त्याला आमंत्रण देताना मानाने द्यावे, त्याच्या बुडालेल्या रोजाचा विचार करावा, आणि पासपोर्टचे कागद करण्यास कोणीतरी त्याच्याबरोबर जाऊन रांगेत उभे राहावे.

जपाननेही हे उशिरा का होईना ओळखले. लाकडी वास्तू जतन करण्याच्या तेथील पारंपरिक कौशल्यांची नोंद युनेस्कोने २०२० साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून केली. वारसा इमारतीचा असतो तसा हातांचाही असतो. आपल्या गावातले ते हात अजून आहेत. सहलीची यादी लिहावयास बसाल तेव्हा पहिले नाव त्यांतील एकाचे लिहा. आपली नावे त्याखाली येऊ द्या.