सहा सम की विषम?

जानेवारी १९९०. अमेरिकेतल्या मिशिगनमधला तिसरीचा वर्ग. एक मुलगा म्हणाला, ६ ही संख्या समही आहे आणि विषमही. का? तर ६ मध्ये २-२ चे तीन गट होतात, आणि तीन विषम!

'चूक, बस खाली' म्हणून विषय मिटला असता. पण शिक्षिका डेबोरा बॉल यांनी तो दावा वर्गापुढेच टाकला. एका मुलीने फळ्यावर १० गोल काढले, २-२ चे गट पाडले. पाच भरले. मग १० सुद्धा तशीच म्हणायची का? मुलगा गडबडला नाही. 'हो, तीही' म्हणाला. मुलगी वैतागली: असं सगळ्याच संख्यांना म्हणत सुटलो तर वाद घालायचा तरी कशाला?

आठ-नऊ वर्षांच्या पोरांचे हे भांडण अस्सल गणिती आहे. दावा, कारण, त्याला छेद देऊ पाहणारे उदाहरण. आणि शेवटी गाडी अडते ती व्याख्येवर. 'सम' म्हणजे नेमके काय, हे ठरल्याशिवाय निकाल लागत नाही. (व्याख्येनुसार ६ समच, मुलाचे म्हणणे चूकच होते.) तरी २, ६, १०, १४ या संख्यांचा वेगळा गट त्याला दिसला होता. गणित-शिक्षणाच्या अभ्यासात त्यांना आजही 'शॉन संख्या' म्हणतात. शॉन हे त्या मुलाचे लेखनातले नाव.

घरी चिंचोके असतील तर मुलांना विचारून पाहा: विषम अधिक विषम नेहमी समच का? विषम चिंचोक्यांचे दोन ढीग करून २-२ चे गट पाडायला सांगा, आणि प्रत्येक ढिगातला एकटा उरलेला चिंचोका त्यांचा त्यांना सापडू द्या. उत्तर आधी सांगू नका.