पंडिता रमाबाईंच्या मनात येशूचा विचार कसा रुजला?

धर्माचा विचार मनात रुजायला प्रवचनच लागतं का? पंडिता रमाबाईंचा अनुभव वेगळा होता.

१८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या रमाबाई पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची मायेने काळजी घेणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांना दिसल्या. हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, ती बायबलमधली गोष्ट ऐकायला मिळाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमतही मोजावी लागली. १८९३ मध्ये त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदनातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी निराधार स्त्रियांना आसरा दिला.