घरातला न दिसणारा वायू : रेडॉन



विहिरीत उतरण्याआधी पुष्कळ जण कंदील खाली सोडून पाहतात. ही परीक्षा पुरी नव्हे. कंदील तेवत राहिला तरी विषारी वायू असू शकतो. रेडॉन वायूला तर ती मुळीच लागू पडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

हा येतो कुठून?

खडकात व मातीत थोडे युरेनियम असतेच. त्याची झीज होता होता रेडियम आणि पुढे रेडॉन बनतो. तो भुईच्या भेगांतून वर येतो. उघड्या रानात वाऱ्याने पांगतो, पण बंद खोलीत साठतो. श्वासाबरोबर त्याचे कण फुप्फुसात बसतात व वर्षानुवर्षांनी कर्करोगाचा धोका वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यास हा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

1984 साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका अणुवीज केंद्रातला कामगार कामावर येतानाच तिथली धोक्याची घंटा वाजू लागली. शोध घेता किरणोत्सार केंद्रातला नव्हे, त्याच्या राहत्या घरातल्या रेडॉनचा निघाला!

आपल्याकडे काय?

गडमुडशिंगी व आसपासचा मुलूख काळ्या पाषाणाचा. ग्रॅनाइटच्या मानाने या खडकात युरेनियम बरेच कमी असते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र शेजारच्या दोन घरांतही फरक पडतो. भुई, भेगा, खिडक्या यांवर ते अवलंबून. खरे काय ते मोजल्यावरच कळते.

मोजायचे कसे?

प्लॅस्टिकच्या फिल्मचा तुकडा असलेली लहानशी डबी मिळते. तिला वीज लागत नाही. रेडॉनचे कण फिल्मवर बारीक ओरखडे पाडतात. प्रयोगशाळेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

1. डबी झोपायच्या खोलीत, माणसाच्या श्वासाच्या उंचीवर ठेवा.
2. चूल, खिडकी, न्हाणी व भिंत यांपासून दूर ठेवा.
3. तीन महिने हलवू नका. दारे-खिडक्या बंद राहतात ते थंडीचे दिवस बरे.
4. ठेवल्याची व काढल्याची तारीख लिहून डबी लगेच परत पाठवा.

उत्तर बेकरेलमध्ये येते. दर सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. जगभरच्या घरांची सरासरी घनमीटरला सुमारे 40 आहे. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने 100 ही पातळी सुचवली, आणि कुठल्याही परिस्थितीत 300 च्या वर जाऊ देऊ नये असे सांगितले.

जास्त निघाला तर?

भुईच्या व कोब्याच्या भेगा बुजवा. भिंत आणि जमीन मिळते तो सांधा सिमेंटने भरा. समोरासमोर खिडक्या ठेवा, सकाळ-संध्याकाळ उघडा. माजघराला झरोका नसेल तर पाडून घ्या. नवे घर बांधताना जोत्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून मग काँक्रीट घाला.

मोजणी होवो न होवो, दोन गोष्टी आजच करा. घरात बिडी ओढू नका, आणि चुलीच्या धुराला बाहेर वाट द्या. झरोक्याने धूरही जातो, रेडॉनही जातो. खर्च एकच, फायदे दोन.