मेथडचे नाव आणि तिची नोंद : सामान्योपयोगी लायब्ररीतील शब्दार्थाचा प्रश्न

संगणकाच्या आज्ञावलीत काही कामे पुनःपुन्हा करावी लागतात. शब्दाची लांबी मोजणे, शब्द तोडणे, दोन शब्द ताडून पाहणे, यादी क्रमाने लावणे ही त्यांपैकी काही होत. ती प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून एकदाच लिहून एकत्र ठेवतात. अशा संग्रहास लायब्ररी आणि त्यातील एकेका कामास मेथड म्हणतात. एखाद्या कचेरीपुरती आज्ञावली लिहिणारा आणि ती वापरणारा यांची बहुधा गाठभेट होऊ शकते. सामान्योपयोगी लायब्ररीच्या बाबतीत तसे घडत नाही. तेथे कर्ता वापरणाऱ्याशी दोनच वाटांनी बोलतो : मेथडच्या नावाने आणि तिच्यासोबत दिलेल्या नोंदीने. म्हणून मेथडची रचना हा जितका गणिताचा, तितकाच शब्दार्थाचाही प्रश्न आहे.

‘लांबी’ ही मेथड सर्वांत सोपी वाटते. ती ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन नावांवर लावून पाहावी. मराठी वाचकाच्या दृष्टीने या नावांत अनुक्रमे २, ३ आणि ४ अक्षरे आहेत. युनिकोडच्या पद्धतीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र संकेत असल्याने हीच संख्या ४, ६ आणि ८ होते. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट व्यापतो. म्हणजे तेथे १२, १८ आणि २४ ही उत्तरे येतात. या तिन्ही उत्तरांपैकी एकही चूक नाही. प्रश्न अपुरा आहे, इतकेच. पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीतील लांबी संकेत मोजते. छापील रकान्यात नाव मावेल की नाही हे तिच्यावरून ठरवू पाहणाऱ्याची फसगत होईल. आणि ‘कल्याण’चे पहिले तीन घटक मागणाऱ्याच्या हाती ‘कल्’ एवढेच येईल. तात्पर्य, जी मेथड मोजते तिच्या नोंदीत मोजण्याचे एकक सांगितलेच पाहिजे.

एकक सांगितल्यानेही काम संपत नाही, कारण एककाची व्याख्या बदलू शकते. वाचकास एकसंध वाटणारे अक्षर कोठे तोडावे याचे नियम युनिकोडने दिले आहेत. २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीपूर्वी त्या नियमांनुसार ‘कल्याण’चे क, ल्, या, ण असे चार तुकडे पडत. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम आला, आणि क, ल्या, ण असे तीन तुकडे झाले. या नियमांवर चालणाऱ्या मेथडचे नाव तेच राहील, पण आधारभूत आवृत्ती बदलताच उत्तर पालटेल. नोंदीत त्या आवृत्तीचा उल्लेख नसेल तर वापरणाऱ्यास त्याचे कारण सापडणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘ठाणे’ आणि ‘डोंबिवली’ यांत जोडाक्षर नसल्याने त्यांची उत्तरे दोन्ही नियमांनी सारखीच येतात. केवळ ही दोन नावे घेऊन परीक्षा करणाऱ्यास फरक दिसणारच नाही. उदाहरणाची निवड हाही नोंदीच्या रचनेचा भाग आहे.

जावा भाषेसाठी असलेल्या अपाची कॉमन्स लँग या प्रसिद्ध लायब्ररीत या विषयाची दोन बोधप्रद उदाहरणे आढळतात. पहिले ‘इज-एम्प्टी’ या मेथडचे. आरंभी केवळ मोकळ्या जागा असलेला मजकूरही ती रिकामा मानीत असे. २.० या आवृत्तीपासून ती तसे मानीत नाही. ते काम ‘इज-ब्लँक’ या वेगळ्या मेथडकडे गेले. एका नावाखाली नांदणारे दोन अर्थ अशा रीतीने विभागले गेले, परंतु जुन्या अर्थावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावल्यांस त्याची झळ बसणे अपरिहार्य होते. म्हणूनच त्या मेथडच्या नोंदीत हा बदल स्पष्ट नमूद केलेला आहे.

दुसरे उदाहरण ‘इज-अल्फा’चे. दिलेल्या मजकुरात केवळ युनिकोडमधील ‘लेटर’ आहेत काय, हे ती पाहते, आणि नोंदही तसेच सांगते. परंतु युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा ही ‘लेटर’ नव्हे, ते ‘मार्क’ म्हणजे चिन्ह होय. परिणामी ‘वसई’ हे नाव या कसोटीस उतरते आणि ‘ठाणे’ उतरत नाही. गावाच्या नावात अक्षरेच असावीत अशा सद्हेतूने एखाद्या अर्जाच्या नमुन्यास ही मेथड जोडली, तर वसईकराचा अर्ज स्वीकारला जाईल आणि ठाणेकराचा परत फिरेल. येथे मेथड चुकलेली नाही, नोंदही असत्य नाही. उणीव आहे ती प्रत्युदाहरणाची.

तुलना आणि क्रम यांविषयीही असेच म्हणता येईल. संकेतक्रमांकानुसार कल्याण, कळवा, कसारा असा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येत असल्याने अकारविल्हे यादीत कल्याण, कसारा, कळवा असा क्रम हवा. जुन्या लेखनातील ‘ठाणें’ आणि १९६२ च्या लेखननियमांनंतरचे ‘ठाणे’, किंवा ‘डोंबिवली’ आणि ‘डोम्बिवली’, ही रूपे वाचकास एकाच गावाची वाटतात. संकेत ताडणाऱ्या मेथडला ती भिन्नच दिसतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. जुन्या दप्तरात गावाचा शोध घेणाऱ्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्याचा अर्थ ‘या लेखनाची नोंद नाही’ एवढाच असू शकेल. ‘समान’ या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हे मेथडने सांगणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

व्याकरणपरंपरेस ही शिस्त अपरिचित नाही. पाणिनीने ‘वृद्धि’ ही संज्ञा वापरण्यापूर्वी ती आ, ऐ, औ या स्वरांपुरती निश्चित केली; व्यवहारातील ‘वाढ’ या अर्थावर ती सोडली नाही. पुढे काशिकेसारख्या वृत्तीने सूत्रास उदाहरणाबरोबर प्रत्युदाहरणही दिले. सूत्र कोठे लागू होते हे उदाहरण दाखविते. कोठे लागू होत नाही आणि सूत्रातील अमुक पद कशासाठी आहे, हे प्रत्युदाहरणावाचून कळत नाही.

मेथडच्या कर्त्याने यातून घ्यावयाचा बोध थोडक्यात मांडता येईल. एका नावास एकच अर्थ असावा. एकक आणि आधारभूत नियमांची आवृत्ती नोंदीत सांगावी. रिकामा मजकूर, अनुपस्थित मजकूर आणि केवळ मोकळ्या जागा या सीमांवर काय घडते ते लिहावे. प्रत्येक विधानासोबत एक उदाहरण आणि निदान एक प्रत्युदाहरण द्यावे, आणि त्यांत मात्रा, अनुस्वार व जोडाक्षर असलेली नावे असावीत. अर्थ बदलावयाचा झाल्यास जुन्या नावास नवा अर्थ देण्यापेक्षा नवे नाव घडविणे श्रेयस्कर. नोंदीत ‘ठाणे’, ‘कल्याण’ आणि ‘वसई’ या तीन नावांची एक ओळ घातली, तर मराठी मजकुरावर ही मेथड काय करील हे वापरणाऱ्यास ती हाती घेण्यापूर्वीच कळेल.