वाफशावर चालणारी सळई

मातीचा घट्टपणा मोजणारा पेनेट्रोमीटर. नाव भारदस्त, यंत्र मात्र साधं. वर दोन मुठी, मध्ये दाबाची तबकडी, खाली पोलादी सळई आणि टोकाला ३० अंशांचा शंकू. शंकू सळईपेक्षा मुद्दाम जाड ठेवतात, नाहीतर सळईच्या अंगाला माती घासून आकडा फुगतो. दाबायचं ते सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर या बेतानं. हिसका दिला की काटा खोटं बोलतो.

शेतीसाठी हे हत्यार जन्मलंच नव्हतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गच्या लष्करी अभियंत्यांनी ते वापरात आणलं, चिखलात वाहनं रुततील की निघतील हे आधीच ताडण्यासाठी. आज तेच हत्यार उलटी फिर्याद नोंदवतं: वाहनांनी मातीचं काय केलं?

उसाच्या रानात, जिथून भरलेल्या ट्रॉल्या निघाल्या तिथे सळई लावून पाहा. वीतभर ती सहज उतरते, मग अडते. काटा पिवळा पट्टा ओलांडून लाल पट्ट्यात, म्हणजे ३०० पीएसआयच्या पुढे जातो. या दाबाला बहुतेक मुळं हात टेकतात. भेगा आणि गांडुळांची बिळं सापडली तरच पुढे सरकतात. आणखी रेटलं की सळई एकदम सुटते. कठीण थर कुठे लागला आणि कुठे संपला, या दोन्ही खोल्या लिहून ठेवायच्या. बरेच जण पहिलीच लिहितात.

खरी अडचण ओलाव्याची. वाळलेल्या काळ्या रानात सगळीकडे लालच दिसतं, ओल्या रानात थर असूनही काटा हलत नाही. मोजायचं ते वाफशावर. भिजपावसानंतर एक दिवस थांबा, असं अमेरिकी पुस्तकं सांगतात. आपल्या चिकण काळ्या जमिनीला तेवढ्यानं भागत नाही. दोन रानांचे आकडे वेगवेगळ्या ओलाव्यावर घेतले असतील तर त्यांची तुलनाच करू नये.

नकाशासाठी जीपीएसवर ठिकाणं धरून प्रत्येक ठिकाणी चार-पाच टोचण्या घेतात, सरासरी काढतात; मधली जागा संगणक अंदाजानं रंगवतो. त्या गुळगुळीत रंगांवर माझा फारसा विश्वास नाही. ट्रॉलीची वाट, ट्रॅक्टर वळवायची बांधालगतची पट्टी, हे शेतकरी नकाशाविना दाखवतो. त्याला दिसत नाही ती खोली, म्हणून खोलीवार नकाशेच कामाचे.

कठीण थर फोडणाऱ्या सबसॉयलरचा फाळ त्या थराच्या बुडाखाली जेमतेम उतरेल एवढाच लावायचा. जास्त खोल गेला तर डिझेल वाया. तोही वाफशावर नव्हे, खालचा थर वाळल्यावर. ओल्यात तो माती फोडत नाही, नुसती चीर पाडतो.