शकुंतला थांबली, वाट चालू आहे

माझी भाची नववीत शिकते. तिच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच आहे, पुढची शाळा साडेतीन कि. मी. वर. दोन वर्षांपूर्वी शासनाच्या योजनेतून तिला सायकल मिळाली, तेव्हा माझ्या बहिणीने मोहल्ल्यात साखर वाटली होती. पण सायकल मिळणे वेगळे आणि ती चालवायला वाट मिळणे वेगळे, हे पहिल्याच पावसाळ्यात कळून आले.

गाव मुर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मध्ये, पूर्णेच्या खोऱ्यातले. जमीन काळी, खोल. ज्यांनी वऱ्हाडातली पांदण आषाढात पाहिलेली नाही त्यांना सांगून कळायचे नाही. चिखल चाकाला चिकटतो, चाकावरून मडगार्डमध्ये भरतो आणि दहा पावलांत चाक फिरायचे बंद होते. काडीने चिखल काढा, पुन्हा दहा पावले चाला. शेवटी पोरीने सायकलीवर बसण्याऐवजी सायकलच पोरीच्या खांद्यावर बसते! सरकारी कागदात या वाटेला 'पाणंद' म्हणतात आणि २०२१ साली तिच्यासाठी मातोश्रींच्या नावाने योजनाही निघाली. आमच्या बहिणीच्या गावापर्यंत ती अजून पोचायची आहे.

या चिखलातून मुलांना एकच सुटका होती, ती म्हणजे शकुंतलेची लाईन. गाडी बंद झाली तरी तिचा भराव शाबूत आहे. सगळे शिवार चिखलात बुडाले तरी भरावाची कड कोरडी राहते. पोरे त्या कडेने ये-जा करीत. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी बहिणीचा फोन आला, "भाऊ, पोरगी आठ दिवसांपासून घरीच हाये. लाईनीवर कोनं तरी काट्या टाकल्या."

मी अकोल्यात एका कार्यालयात कारकून आहे. रविवार तेवढा आपला. वर्षावासाचे दिवस होते आणि रविवारी आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते खेड्यापाड्यांतल्या विहारांत ग्रंथवाचनाला जातो. त्या रविवारी वाचन त्याच गावी ठेवले. मुर्तिजापूरपर्यंत रेल्वेने जाऊन तिथे नातेवाइकांकडून दोन सायकली घेतल्या आणि ठरवले की डांबरी रस्त्याने न जाता लाईनीच्या कडेकडेनेच गावापर्यंत जायचे. जिच्यावरून भाचीचे शिक्षण अडले ती वाट डोळ्यांनी पाहायची होती. खरे सांगायचे तर मला ती आणखी एका कारणाने पाहायची होती.

माझी आई लखपुरीकडची. लहानपणी शकुंतलेनेच आम्ही आजोळी जायचो. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर गाडी ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे इंजिन लावले, तेव्हा मी शाळेत होतो. खिडकीतून डोके बाहेर काढले की डोळ्यांत कोळशाचे कण जायचे आणि आई पदराच्या टोकाने ते काढायची. गाडी इतकी सावकाश चालायची की तरणी पोरे उतरून, शेतातला हरभरा उपटून पुन्हा मागच्या डब्यात चढत. तिकीट एस. टी.च्या मानाने फारच कमी. म्हणून त्या डब्यांत बसणारा माणूस म्हणजे मजूर, भाजीवाली, हमाल, शाळेची पोरे. आपलीच माणसे म्हणा ना!

गाडी मात्र आपल्यासाठी आणलेली नव्हती. मुर्तिजापूरहून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ कि. मी. दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, ७६ कि. मी. किलिक-निक्सन या गोऱ्या व्यापारी पेढीच्या कंपनीची ही अडीच फुटी लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली गेली ती कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्या. कापूस वेचणाऱ्या आमच्या आज्या आणि गाठी उचलणारे आमचे आजे. देश स्वतंत्र झाल्यावरही ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी मध्य रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीने घ्यायचा! वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही हा हिशेब मला कधी नीट उलगडला नाही. २०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. यवतमाळकडची गाडी बंद पडली, मग अचलपूरकडचीही थांबली, आणि ब्रॉडगेजची वाट पाहता पाहता रुळांवर तरोटा वाढला.

असो. आम्ही निघालो. गावाबाहेर पडल्यावर पहिल्या दोन कि. मी. तच दोनदा पंक्चर झाले, दोन्ही वेळा बाभळीच्या काट्याने. या वाटेने कोणी जाणार असेल तर सोल्युशन, रबराचे तुकडे आणि हातपंप घेतल्याशिवाय जाऊ नये. पाणीही घरूनच न्यावे. हा खारपाणपट्टा आहे, इथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही.

पण एकदा लय सापडली की या वाटेसारखी वाट नाही. आगगाडीला चढ चढवत नाही, म्हणून इंजिनियरांनी उंचवटा कापून आणि खळगा भरून लाईन सपाट ठेवलेली असते. सायकलवाल्याला त्याचा आयता फायदा. पायडलवर जोर द्यावाच लागत नाही. ओढ्यानाल्यांवर मोऱ्या आहेत, त्यामुळे पाणी भरावाला अडत नाही, खालून निघून जाते. रुळांमधल्या खडीवर सायकल चालत नाही, पण खडीच्या बाहेर दीड-दोन हाताची कडक पट्टी आहे, पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी चोपलेली. दोन्ही बाजूंना कमरेइतकी पऱ्हाटी, पिवळी-गुलाबी फुले लागलेली, मध्ये तुरीची तासे. मोटारीचा आवाज नाही, मागून भोंगा नाही. माझा सोबती शहरातच वाढलेला. तो म्हणाला, "सर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सायकल चालवताना बोलता येतंय." अर्धी वाट आम्ही मुद्दामच पायी चाललो.

पुलापाशी मात्र उतरावे लागते. दोन स्लीपरांच्या मधून खाली पाणी दिसते आणि ओल्या स्लीपरवर पाय सटकतो. मोठ्या पुलाच्या आधी आम्ही बाजूच्या रस्त्याला लागलो आणि पुढे पुन्हा लाईन धरली. लहान मोऱ्यांवरून पोरे सायकल उचलून तशीच जातात, हे ऐकून पोटात गोळा आला. आणि आणखी एक कबूल केले पाहिजे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. गाडी नसली तरी कलम आहेच. शाळेत जाणारी पोर रोज गुन्हा करते आणि पांदणीच्या चिखलात बसून राहते ती मात्र कायद्याने निर्दोष!

पावसाळ्यात भिक्खूंनी चारिका थांबवून एका जागी राहावे, असा भगवंतांनी नियम घालून दिला. वर्षावास तीन महिन्यांचा असतो. शाळेला तशी सोय नाही. विदर्भात शाळा उघडते तीच पावसाच्या तोंडावर.

एका मोडक्या फाटकापाशी लिंबाखाली एक म्हातारबाबा बसलेले भेटले. जयभीम झाला. ते याच लाईनीवर गँगमन होते. मी त्यांना सांगितले, की ही कडेची पट्टी मुरूम टाकून पक्की करून द्या, मुले सायकलीने जातील, असा अर्ज आम्ही देणार आहोत. मला वाटले बाबा खूष होतील. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाबू, रस्ता केला म्हनजे गाडी मेली. मंग कोनी पुसनार नाही."

या वाक्याने माझी सायकल थोडा वेळ जड झाली. म्हाताऱ्याचे खोटे नव्हते. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून या भागातले लोक निवेदने देत आले, आंदोलने करत आले. आपण मुरुमाचा रस्ता मागायचा आणि उद्या कोणी म्हणायचे, लोकांनीच रस्ता मागितला, आता गाडी कशाला! मजुराची गाडी सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

घरी आल्यावर या प्रश्नाने मला पुष्कळ वाचायला लावले, आणि उत्तर सापडले ते दूर अमेरिकेत. तिथेही शेकडो लाईनी बंद पडल्या. १९८३ साली तिथल्या पाऊलवाटांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, की बंद लाईनीची पट्टी मोडायची नाही, वाटायची नाही, तिच्यावर तूर्त लोकांनी चालावे, सायकली चालवाव्यात, आणि उद्या गाडीची गरज पडली तर पट्टी पुन्हा रेल्वेला मिळावी. याला तिकडे 'रेल-बँकिंग' म्हणतात. आम्हा हिशेबनीसांना हे लवकर समजते. वाट ही ठेव आहे. ठेव मोडायची नाही आणि तोवर व्याज लोकांनी वापरायचे. व्हरमाँट राज्यातल्या एका जमीनमालक कुटुंबाने हरकत घेतली, की गाडी गेली, आता जागा आमची. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९० साली न्यायालयाने कायदा कायम ठेवला. नुकसानभरपाई मागायची तर तिचा मार्ग वेगळा आहे, असे सांगितले. पुढे काही ठिकाणी अशा वाटांवर खरोखर पुन्हा रूळही पडले.

इंग्लंडात ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधली एक लाईन अशीच बंद पडली होती. १९७७ साली ब्रिस्टलमधल्या सायकलवाल्यांनी एक मंडळ काढले आणि १९७९ ते १९८६ या काळात त्या लाईनीची वाट तयार झाली. त्यात फावडी घेऊन राबणारे स्वयंसेवक होते. अंतर वीस कि. मी. हून थोडे जास्त. वाटेत सुमारे पाऊण फर्लांगापेक्षा लांब नव्हे, तर त्याच्या जवळजवळ तिप्पट, ४७१ मीटरचा बोगदा आहे. त्यात दिवे लावले आहेत. मुलगी एकटी जाते म्हणून आईच्या जिवाला घोर लागतो, तिथे दिवा किती कामाचा हे मी सांगायला नको. आणि म्हाताऱ्या बाबांना सांगण्यासारखी गोष्ट तर पुढेच आहे. बिटन नावाच्या स्टेशनाजवळ हौशी लोकांनी काही अंतर पुन्हा रूळ टाकून जुन्या गाड्या सुरू केल्या आहेत. एका बाजूने गाडी, शेजारून सायकली! म्हणजे एक आली की दुसरीने मेलेच पाहिजे असे नाही.

आता काट्यांची गोष्ट. काट्या टाकणारा शेतकरी आम्हाला त्याच दिवशी भेटला होता. आम्ही भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. तोही तयारीतच होता. "गाडी गेली, जागा मोकळी झाली," हे त्याचे पहिले वाक्य. पण चहा झाल्यावर खरे कारण बाहेर आले. लाईन मोकळी झाल्यापासून गुराखी तिच्यावरून गुरे हाकतात आणि गुरे भरावावरून सरळ त्याच्या पऱ्हाटीत उतरतात. त्याने बांधावर नेऊन दाखवले, दोन तासे खुरांखाली गेली होती. "पोरींले मी कायले अडवू? माह्याबी घरी पोरगी हाये," तो म्हणाला. आमच्यापैकी कोणीही तोवर त्याला हे विचारलेच नव्हते.

भाचीनेच उपाय काढला. काट्या राहू द्या, पण त्यांच्यामध्ये दोन बल्ल्या रोवा, एक हाताच्या अंतराने, उंची सायकलीच्या हँडलपेक्षा कमी. हँडल वरून जाईल, चाके मधून जातील, माणूस मागून जाईल आणि गाईचे पोट अडकेल. "शेळ्या जातीन की," शेतकरी म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "शेळ्यांचं मी पाह्यतो."

संध्याकाळी विहारात वाचन झाल्यावर तिथेच दोन अर्ज लिहिले. पहिला तहसीलदारांना, पांदण मोकळी करून देण्यासाठी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ लिहून. आपल्या गावात पांदण अडली असेल तर वाचकांनी ही दोन कलमे टिपून ठेवावीत. भरावावर तहसीलदारांचा हुकूम चालत नाही, म्हणून दुसरा अर्ज भुसावळला मंडल रेल प्रबंधकांच्या नावाने. त्यात पहिली मागणी गाडीची लिहिली, गाडी सुरू होईपर्यंत पट्टीवर कोणाचेही अतिक्रमण होऊ देऊ नये ही दुसरी, आणि तोवर शाळेच्या मुलांना कडेने जाण्याची लेखी परवानगी व मोऱ्यांवर फळ्या ही तिसरी. त्यावर त्रेपन्न सह्या झाल्या. गँगमन बाबांनी मागण्यांचा क्रम दोनदा वाचून घेतला आणि मग अंगठा न देता सही केली. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही.

बल्ल्या मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी रोवल्या. शेतकऱ्याने सब्बल आणली, आम्ही खड्डे केले. भाचीने दप्तर अडकवून पहिली सायकल काढली तर डावे पायडल बल्लीला अडले. बाबा फाटकाजवळून ओरडले, "चार बोटं सरकवा!" बल्ली उपटून चार बोटे सरकवली, माती ठोकली, आणि ती शाळेला गेली.