ऐकू येते, पण समजत नाही

"कुकरची शिट्टी आबांना बरोबर ऐकू येते, मी सांगितलेले काम मात्र नाही!" वलवणच्या एका सूनबाईंनी सासऱ्यांसमोरच तक्रार केली. आबा मान खाली घालून बसले. मी कान तपासले. मळ नव्हता, पडदाही शाबूत होता.

हे सोंग नव्हे. आतल्या कानातील केसपेशी आवाज टिपतात आणि श्रवणमज्जातंतूचे धागे तो मेंदूकडे पोचवतात. उंदराचे आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचे, त्यामुळे त्याचे म्हातारपण लवकर अभ्यासता येते. बोस्टनच्या शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. पुढे ऐकणे पूर्ववत झाले, पण कानाच्या एका भागात केसपेशी व धागे यांचे जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटले होते! गोंगाट नसतानाही वयाबरोबर हे सांधे तुटतात, तेही केसपेशी मरण्याआधी, हे त्यांच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवले. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांतही वयाबरोबर धागे घटलेले आढळले आहेत.

म्हणून आवाज कळतो, शब्द निसटतात; टीव्ही चालू असला तर जास्तच. तपासणीत शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्यावी. श्रवणयंत्राचा उपयोग होतो, मात्र तुटलेला सांधा त्याने जुळत नाही. (वरातीत स्पीकरला चिकटून नाचणाऱ्या नातवांनी हे वाचावे.) एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सूनबाईंना मी आबांच्या समोर बसवले. "ओरडू नका, सावकाश विचारा."

"आबा, चहा टाकू का घरी गेल्यावर?"

"टाक. साखर कमी घाल."